झाकलं बॉनेट

मेंढी होती. हे आधी लिहून घ्या.
फर्नडेलच्या उतारावर, पहाटे पाचला,
भिंतीवरून तिने उडी टाकली
आणि उभ्या गाडीच्या बॉनेटवर चारी पाय रोवून
क्षणभर थांबली म्हणे,
नगरपालिकेने बसवलेल्या पुतळ्यासारखी.
मग गेली. मेंढीला विमा नसतो.

मी नुकसान मोजणारा माणूस.
एकवीस वर्षं लोकांच्या गाड्यांपुढे गुडघे टेकतोय,
चॅपलमध्ये टेकले नसतील इतके.
येस्टिन प्रोबर्ट, वय तेवीस, केकच्या कारखान्यात रात्रपाळी,
बाह्यांना अजून व्हॅनिलाचा वास.
गाडी जपानी, दोन सीटांची, सोळाशे सीसी.
'गाडीत काही बदल केले आहेत का?'
या प्रश्नापुढे दोनच अक्षरं : नाही.

"पोचा बाहेरूनच दिसतोय की," तो म्हणाला,
"बॉनेट उघडायलाच हवं का?"
हवंच रे. बिजागरी वाकली का, ते बघायचं असतं.

झाकली मूठ सव्वा लाखाची.
झाकलं बॉनेट वर्षाला सातशे चाळीस पौंडांचं.
उघडलं,

तर आत ओतीव लोखंडाची गोगलगाय.
भंगारातल्या कुठल्याशा स्वीडिश गाडीचा टर्बो,
स्वतःच्या दमावर जेवढी हवा ओढता येईल
तेवढीवर सुखात जगणाऱ्या इंजिनाला
आता कुणीतरी तोंडाने फुंकर घालत होतं.

आणि काय काम केलं होतं पोरानं!
तेलाची नळी कुठेच घासत नव्हती,
परतीची तर नीट उताराने सोडलेली,
(तेल चढ चढत नाही, हे याला शिकवलं कुणी?)
मॅनिफोल्डचं वेल्डिंग
नाण्यांची चळत हलकेच कलंडावी तसं.
जाळीमागचा इंटरकूलर काळा रंगवलेला, दिसू नये म्हणून.
फुस्स करणारा व्हॉल्व्ह बसवलाच नव्हता.
चपला हातात घेऊन घरात शिरल्यासारखी गाडी.

मी खाली वाकलो. म्हटलं, आता सापडेल खोट.
ब्रेक मोठे. टायर नवे. होजा नव्या.
पावत्यांवरच्या तारखा टर्बोच्या आधीच्या.
घोड्याआधी लगाम घेणारा हा पहिलाच बघतोय.

"एवढं सगळं केलंस, मग एक फोन नाही करता आला?"
"केला होता. नाव न सांगता. म्हटलं, समजा, एखाद्याने...
त्या बाई म्हणाल्या, समजलं तर तीन हजार चारशे.
गाडीच मुळात अठराशेची."

त्याची आई, मेइनिर, चहा घेऊन आली,
माझ्या वहीत डोकावली,
आणि एकवीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं ते तिने विचारलं :
"मेंढीचा त्या गोगलगायीशी संबंध काय?"

काही नाही, बाई.
वेग शून्य होता. इंजिन गार होतं. पोरगा झोपला होता.
मेंढी टर्बोवर पडली नाही.
पण ती पडली त्या दोन अक्षरांवर,
आणि तीच नेमकी पातळ पत्र्याची होती.

चहा गोड होता, नको तितका.
"एकदा चालू कर," मी म्हटलं.
का म्हटलं, विचारू नका, ते कामात बसत नाही.
त्याने पाय दिला. खोऱ्याच्या त्या अरुंद गल्लीत
लांबून कुणी शीळ घालत जवळ यावं तसा आवाज,
आणि त्याच्या चेहऱ्यावर
परीक्षेत पास झाल्याचं आणि पकडलं गेल्याचं,
दोन्ही एकदम.

फॉर्मवर 'हो'च्या चौकोनात खूण केली.
पुढे काय, ते ऑफिस ठरवेल. बहुधा पैसे नाहीतच.
कारागिरीसाठी चौकोन नसतो,
म्हणून समासात लिहिलं, 'काम उत्तम.'
वरचे साहेब खोडतील. खोडू देत.

निघताना बॉनेट लागेना.
बिजागरी खरंच वाकली होती.
कडेला लोकरीचा एक पुंजका अडकलेला, तो त्याने काढला,
आणि दोघांनी मिळून दाबलं,
तो डावीकडून, मी उजवीकडून.